आक्काची साक्ष

आमच्या भागातल्या मंडळ्यांमध्ये आक्काची गोष्ट अजून सांगतात. कोरेगावच्या बाजूला एक अडाणी ख्रिस्ती विधवा होती, पोटच्या मुलीने म्हसोबाच्या नवसाचं मटण पुढे वाढलं तेव्हा तिने ताट डाव्या हाताने बाजूला सारलं आणि भरल्या पंगतीतून उठली, अशी ती गोष्ट. गेल्या नाताळाच्या आधी आमच्या तरुण पाळकाने ती उपदेशात सांगितली आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "त्या आक्कांच्या हाताखाली वाढलेले आजोबा आज आपल्यात बसले आहेत." सगळे वळून बघू लागले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हातारा भारावला. पाळकाने ती गोष्ट ज्याच्याकडून ऐकली, त्याने ती आणखी कुणाकडून ऐकली असेल, पण मागे मागे जात राहिलं तर शेवटी माझंच तोंड सापडेल. गोष्ट मी पसरवली. आणि ती तशी घडलेली नाही.

आक्का माझी आत्या. बाबा तिचे धाकटे भाऊ, ते तिला आक्का म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायला शिकलो. मी रांगत होतो तेव्हा आई गेली, आणि मला आठवतं तेव्हापासून घरात बाई म्हणजे आक्काच. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी त्याच शाळेच्या खोलीत उपदेश करत. आक्काचा नवरा वारल्यावर तिने बाबांबरोबरच बाप्तिस्मा घेतला. तिचं सासर आटपाडीकडे एका वाडीत होतं. सासरच्यांनी सांगितलं, बाईला जायचं तर जाऊ द्या, पोरगी आमची. तानीताई तेव्हा बोट धरून चालण्याएवढी होती. ती तिकडेच राहिली, तिकडेच वाढली, तिकडेच तिचं लग्न झालं. लग्नाला आक्काला बोलावणं आलं नाही. लग्न झाल्याचं आम्हाला बाजारात एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. आक्काने त्या दिवशी घरी येऊन गुळाचा खडा आमच्या हातावर ठेवला आणि चूल पेटवायला बसली.

आमचं घर म्हणजे शाळेमागच्या दोन खोल्या. पहाटे जात्याच्या घरघरीने जाग यायची. आक्का दळताना भजनंच म्हणायची, पण चाल ओवीची. बाबांना ते आधी रुचत नसे, मग तेही तीच चाल गुणगुणू लागले. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि खरडा, रविवारी उपासना झाल्यावर भात. एक म्हैस होती, आणि तिच्यामुळे घरात ताक कायम. आजही कुठे रवीचा आवाज आला की माझा पाय अडखळतो. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा बाबांनी घरची उपासना दिवेलागणीच्या आधी अंगणात घ्यायला सुरुवात केली. म्हैस रवंथ करत बाजूला उभी, आणि आम्ही तिघं घोंगडीवर.

बाबांचा एक नियम होता. शास्त्राचा उतारा वाचून झाला की ते पुस्तक मिटत आणि प्रत्येकाला एकच विचारत, "मग उद्या काय करणार?" अर्थ काय, कोण कुणाला म्हणालं, हे त्यांना नको असे. वाचलंय त्यातलं उद्या हातून काय होईल, तेवढं सांगायचं. मी मोठमोठी उत्तरं द्यायचो. उद्यापासून कधीही रागावणार नाही, उद्या शत्रूंवर प्रीती करीन. आक्काचं उत्तर मात्र ठरलेलं. थोडा विचार करून ती म्हणायची, "उद्या शेजारच्या गंगूला तांब्याभर ताक दीन." उतारा क्षमेचा असो, न्यायाच्या दिवसाचा असो, नाहीतर राजांच्या लढायांचा, आक्का त्यातून ताकावर यायची. मी हसायचो. "आक्का, अख्ख्या शास्त्रात ताकाचा उल्लेख तरी आहे का?" ती म्हणायची, "नसंना का. म्हस तर हाय."

उत्तर देऊन झालं की ती रोज एक प्रार्थना करी. तानीचा नवरा महादू पलटणीत गेला होता, समुद्रापलीकडे कुठे होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. आक्काने जावयाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. "बापा, माज्या तानीचं कुंकू राक," एवढंच ती म्हणायची. बाबांनी एकदा कुंकू हा शब्द टाळून बघ म्हणून सुचवलं, तेव्हा म्हणाली, "त्याला कळतंय मला काय म्हनायचंय."

शाळा संपल्यावर बाबांनी मला सांगलीला शास्त्राच्या वर्गाला पाठवलं. उपदेशक व्हायची इच्छा असलेली आम्ही मुलं एका पत्र्याच्या खोलीत शिकायचो. बाजारातून हळदीचा वास यायचा आणि वह्यांनाही तो लागायचा. आमचे गुरुजी उंच, किडकिडीत आणि शब्दाला फार काटेकोर. पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र त्यांनी आम्हाला ओळ न् ओळ शिकवलं. मूर्तीला दाखवलेल्या मांसाचा भाग आला तेव्हा ते म्हणाले, "हा उतारा तुम्हाला जन्मभर पुरणार आहे, कारण तुमचे निम्मे नातेवाईक अजून तिकडेच आहेत." मग त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला : कुणी जेवायला बोलावलं तर जा, पुढे येईल ते खा, चौकशा करत बसू नका. दुसऱ्या बाजूला : कुणी आपणहून सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी हात आवरा. "आपणहून," गुरुजी खडू आपटत म्हणाले. "तुम्ही उकरून काढायचं नाही. उकरणारा ताटातलं बघत असतो, वाढणारीकडे बघत नाही." मग त्यांनी मला उभं करून सगळं परत म्हणायला लावलं. मी रेघेच्या दोन्ही बाजू बिनचूक सांगितल्या. ते म्हणाले, "दानीएल, तू चांगला पाळक होशील."

हे मी मुद्दाम लिहितो आहे. पुढे जे केलं ते अज्ञानातून केलं, असं कुणी माझ्या बाजूने म्हणू नये.

लढाई संपली. मी सुटीला घरी आलो होतो आणि तानीताईचा दीर अचानक दारात उभा राहिला. महादू परत आला होता, धडधाकट. घरच्यांनी म्हसोबाला बकरं बोललं होतं, ते द्यायचं होतं. दीर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "वैनी म्हनली, आईला घिऊनच या. न्हाई आली तर मी जेवनार न्हाई म्हनली." आक्का खाली बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "दान्या, देवानं ऐकलं रं."

बाबांनी जा म्हटलं. मला सोबत पाठवलं. आक्काने तानीसाठी चोळीचा खण घेतला आणि बरणीभर ताकातल्या मिरच्या घेतल्या. ताक तेवढ्या लांब नेता येत नव्हतं, म्हणून मिरच्या. विट्यापर्यंत मोटारीत बरणी मांडीवर, पुढे बैलगाडीत बरणी मांडीवर. मी धरतो म्हटलं तर देईना. वाटेत झाडं विरळ होत गेली, जमीन पांढरी पडत गेली. आक्का सारखी गाडीवानाला विचारत होती, "आली का वाडी?" तो म्हणाला, "आवं म्हातारे, वाडी काय पळून चाललीया?"

वस्ती गावाबाहेर होती, आमच्या लोकांची असते तिथेच. तानीताई गाडीपाशी धावत आली आणि थांबली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आक्काला आठवत होती ती पोर आणि समोर उभी होती ती बाई, यांचा मेळ बसायला तिला थोडा वेळ लागला. मग तानीताईने वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि आक्काने तिला उचलताना तिचा कान चाचपला. लहानपणी तिथे एक चामखीळ होती म्हणे. ती होती.

महादू खाकी सदरा घालून पाहुण्यांत मिरवत होता. बोलण्यात पलटणीतलं हिंदी घुसलं होतं. "आवं मामी, इकडं बैठा, आरामसे." मग माझ्याकडे वळून : "काय मेव्हणं, पादरी झाला म्हनं तुमी?" मी म्हटलं, अजून शिकतो आहे. तो भोवतीच्यांना म्हणाला, "आमच्या पलटणीतबी एक पादरी हुता गड्या. येशू राखील, येशू राखील म्हनायचा, आन् गोळी सुटली की आमच्या आदी खंदकात!" मांडव हसला. आक्काही हसली, पदराआड. तिला जावई आवडला होता. मला त्या हसण्याचा राग आला. एवढी वर्षं झाली, पण तो राग मला अजून नेमका आठवतो. कान तापले होते. या लोकांना आपण कोण ते दाखवायचं, असं काहीतरी मनात आलं. पुढचं सगळं त्या तापल्या कानांतून झालं. त्यात शास्त्राचा संबंध मागाहून जोडला.

पंगत बसली. आक्काला भिंतीकडेला मानाची जागा दिली, शेजारी मी. तानीताईने तिचं ताट स्वतः वाढलं. "आई, कलिजी तुज्यासाठी वायली काढून ठिवलीया," म्हणाली आणि गरम भाकरी आणायला चुलीकडे गेली. आक्काने डोळे मिटले. ओठ हलले. मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं : "बापा, तू महादूला आनलंस. तानीच्या हातचं दिलंस." मग तिने डोळे उघडले, भाकरीचा घास मोडला आणि रश्शात बुडवला.

तेवढ्यात महादू रश्शाची बादली घेऊन आमच्यापुढे आला. मी मोठ्याने विचारलं, "दाजी, हे मटण देवाला दाखवलेलं आहे का?"

तो थबकला. "मग काय कोरटात दावायचं हुतं?" म्हणाला, आणि पुन्हा मांडव हसला. तो पळीभर रस्सा ओतून पुढे गेला.

मी आक्काचं मनगट धरलं. घास तिच्या बोटांत होता. मी खालच्या आवाजात म्हटलं, "आक्का, हे तुला चालायचं नाही. आता सांगितलंय त्यांनी."

"दान्या, जेवू दे रं," ती म्हणाली.

"मंडळीत काय सांगशील? प्रभुभोजनाला कशी बसशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मनगट सोडलं नाही. प्रभुभोजन तिला काय होतं ते मला ठाऊक होतं. त्या रविवारी ती धुतलेलं लुगडं नेसायची आणि आदल्या दिवशी कुणाशी चढा शब्द झाला असेल तर सकाळीच त्याच्या दारात जाऊन यायची. मी तिथेच बोट ठेवलं. तिची बोटं सैल झाली. घास ताटात पडला.

तानीताई भाकरी घेऊन आली आणि उभी राहिली. "आई, का गं? तिखट झालंय व्हय?"

आक्का पडलेल्या घासाकडे बघत होती. मी म्हणालो, "देवाला दाखवलेलं आक्का खात नाही, ताई."

तानीताई माझ्याकडे बघतही नव्हती. ती आईकडे बघत होती. "गाव आमच्या हातचं खात न्हाई," ती म्हणाली, "ते आमी सोसतोय. आता तूबी?"

डाव्या हाताने ताट सारणं वगैरे काही झालं नाही. तो हात मी पुढे कधीतरी एका गावच्या उपदेशात घातला, ऐकणाऱ्यांना आवडला म्हणून ठेवला. आक्का नुसती बसून होती. पंगत उठली तेव्हा तीही उठली. ऊन कलायच्या आत आम्ही गाडीत बसलो. तानीताई बाहेर आली नाही. तिची सासू आली, आणि मिरच्यांची बरणी गाडीत ठेवत म्हणाली, "ह्ये ऱ्हाऊ द्या तुमचं तुमाला. आमीबी न्हाई खात तुमच्या देवाचं." ती बरणी आक्काने पुन्हा मांडीवर घेतली.

घरी पोचलो तेव्हा मी बाबांना सगळं सांगितलं, म्हणजे माझ्या सोयीचं. बाबा खुश झालेले दिसले नाहीत. ते शाळेच्या पायरीवर बसले होते, आक्का आत उंबऱ्याशी जोंधळा पाखडत होती. बाबांनाही तो उतारा चांगला ठाऊक होता. त्यांनी चष्मा काढला आणि एकच विचारलं, "तू विचारलंस, का त्यांनी आपणहून सांगितलं?"

रेघेच्या कुठल्या बाजूला उभा आहेस, एवढंच ते विचारत होते. मी म्हणालो, "त्यांनीच सांगितलं."

आत सूप थांबलं. मग सूप पुन्हा वाजू लागलं.

आक्का का बोलली नाही, याचा विचार मी म्हातारा झाल्यावर करू लागलो, तोवर केला नाही. ती बोलली असती तर बाबांनी मला सांगलीला परत पाठवलं नसतं. खोटं बोलणाऱ्या मुलाला त्यांनी व्यासपीठावर चढू दिलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं. तिने मला वाढवलं होतं. तानीला वाढवणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं. यापलीकडे मला कारण सापडत नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी तो उतारा घेतला आणि म्हणाले, "आक्का, उभी राहा." ती दाराजवळच्या तिच्या जागी उभी राहिली, पदर पुढे ओढून, जमिनीकडे बघत. बाबा म्हणाले, शास्त्र वाचता न येणाऱ्या बाईने शास्त्र पाळून दाखवलं. बायका तिचे हात हातात घेऊ लागल्या. सगळ्यांना तिची ती खालची मान नम्रतेची वाटली. मला तेवढं तरी कळत होतं की ती लाज आहे. ती माझ्या वाट्याची होती आणि ती तिने सगळ्यांसमोर घेतली. मी पुढच्या ओळीत बसून गाणं म्हणत होतो.

त्या दुपारी मला वाढताना तिने ताट जरा दूरच धरलं. "भाकरी चुलीला दावलीया," ती म्हणाली. "चालंल न्हवं पाळकसाहेबाला?" तेवढंच. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. माझ्यावरची मायाही कमी केली नाही. सांगलीला निघताना शिदोरी तशीच बांधून दिली, मिरच्या त्याच बरणीतल्या. पण संध्याकाळच्या उपासनेत बाबांनी पुस्तक मिटून "मग उद्या काय करणार?" म्हटलं की ती आता म्हणायची, "मला न्हाई कळत त्यातलं. दान्याला इचारा." गंगूला ताक ती देतच होती. ते सांगायचं मात्र तिने सोडलं. शास्त्र आपल्याला वाचता येत नसलं तरी पाळता येतं, असं तिला वाटायचं, आणि ते मी तिच्याकडून काढून घेतलं.

मी पाळक झालो. तो करिंथकरांचा उतारा कितीतरी मंडळ्यांत शिकवला आणि दर वेळी आक्काची साक्ष जोडली. फळ्याची पहिली बाजू, चौकशा करू नका ही, मी घाईघाईने ओलांडून जायचो. आक्का होती तोवर तिच्यासमोर ती गोष्ट सांगण्याचा धीर झाला नाही. ती गेल्यावर तीही अडचण उरली नाही. तिचं डोळे मिटून आभार मानणं मी कुठेच सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर गोष्ट उभीच राहिली नसती.

आक्का गेल्याचं सांगायला मी आटपाडीकडे गेलो. तानीताईचे केस तोवर पांढरे व्हायला लागले होते. तिने मला आत घेतलं, चहा केला. आम्ही बराच वेळ आक्काच्या दुखण्याबद्दल बोललो. मग ती कपबशी विसळायला घेऊन गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "त्या दिशी तू इचारलं नसतंस, तर आई जेवली असती का रं?"

मला सांगता आलं असतं. तिथे कोणी नव्हतं, मंडळी नव्हती, बाबा नव्हते. मी म्हणालो, "आक्काचा विश्वास फार पक्का होता, ताई."

"मंजी न्हाई," ती म्हणाली.

मी खाली ठेवलेली पिशवी उचलली.

"मला आपलं वाटलं हुतं," ती बशी पुसत म्हणाली, "ताटात भाकरी मोडल्याली दिसली हुती. पन माजीच नजर असंल." मग ती वळली, आणि वाटेत खायला म्हणून दोन भाकऱ्या फडक्यात बांधून तिने माझ्या हातात दिल्या. मी त्या घेतल्या. प्रार्थना करू का म्हणून विचारलं, तिने हात जोडले, आणि मी तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली.

तानीताईही आता नाही. तिची नातवंडं पुण्या-मुंबईकडे आहेत असं ऐकतो. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी आजीच्या नावाने वाचावं. आमच्या मंडळीतल्या तरुण पाळकानेही वाचावं, आणि पुढच्या वेळी ती गोष्ट सांगायचीच असेल तर अशी सांगावी.

ताई, तुझी नजर बरोबर होती. आक्काने डोळे मिटून आभार मानले होते, त्यात तुझं नाव घेतलं होतं. तिने भाकरी मोडली होती, रश्शात बुडवली होती. ती जेवणार होती.